टपालबाबांच्या पाटाखाली

इंदापूरच्या एसटी स्टँडामागं मोबाईलचं एक दुकान आहे. गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसे. आत पाटावर टपालबाबा बसत. समोर ताम्हन, ताम्हनात भक्ताचा फोन, फोनवर हळदकुंकू. बाबा डोळे मिटून सांगत, "हिला पुण्याहून बोलावणं येतंय!" मग स्क्रीनवरून अंगठा खाली ओढत आणि टिंग! पुण्याचा ईमेल हजर. लोक हात जोडत. हळदीनं चार्जिंगचं भोक बुजतंय, याची कुणाला फिकीर नव्हती.

माझी बहीण मुक्ताबाई त्या गर्दीत सगळ्यांच्या पुढं असे. तिची सोनम बारामतीच्या कॉलेजात शिकली. नोकरीची बोलावणी कॉलेजनं दिलेल्या ईमेल पत्त्यावर येत आणि तो पत्ता फोनमधल्या ॲपवर बसवताना भल्याभल्यांना घाम फुटे. सर्व्हरचं नाव टाका, पोर्टचा आकडा टाका, पासवर्ड टाका, आणि शेवटी उत्तर काय, तर 'जोडणी अयशस्वी'. मी विज्ञानाचा शिक्षक, पण रविवारभर डोकं आपटून फोन परत दिला. बाबांनी तो चहा निवायच्या आत चालू केला. पूर्वी ते याच दुकानात फोन दुरुस्त करायचे, हे सगळेच विसरले होते. पासवर्ड मात्र ते प्रत्येकाकडून मागून घेत. मंत्रात गुंफावा लागतो म्हणे!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण लोणी देवकरच्या एका कारखान्यानं सोनमला मुलाखतीला बोलावलं. बाबांनी ते बोलावणं गुरुवारी 'उतरवलं', आणि मुलाखत बुधवारीच होऊन गेली होती. पोरीनं रडून डोळे सुजवून घेतले.

मी तिचा फोन पाहिला. ईमेल सोमवारी पाठवलेला होता. मग इतके दिवस तो होता कुठं? सेटिंग उघडलं, तर नवे ईमेल आपोआप आणणं बंद करून ठेवलेलं. स्क्रीन खाली ओढल्याशिवाय काही येणारच नव्हतं, आणि घरी ती ओढायला बाबांची बंदी होती.

"मुक्ते, तुझा बाबा हिचे ईमेल आधी स्वतःच्या फोनवर वाचतोय."

"तुला जमलं न्हाय म्हणून जळतोस व्हय, दादा? बाबांनी बांधलंय, हात लावू नगंस. दुसऱ्या नोकरीचं बोलावणं यायचंय पोरीला."

माझं डोकं फिरलं. पण भांडून काय होणार? मी सोनमला विश्वासात घेतलं आणि पुढच्या बुधवारी तिला एक ईमेल पाठवला.

गुरुवारी तिचा फोन ताम्हनात गेला. बाबांनी मान डोलावली. "मोठं बोलावणं हाय! नरसिंहपूरच्या कारखान्यातनं!"

गर्दीतले दत्तोबा पुढं सरकले. "आवो, माझं गावच नरसिंहपूर. तितं देऊळ हाय, संगम हाय, शेती हाय. कारखाना कुठं हाय?"

"आज न्हाय, उद्या हुईल. आमाला पुढचं दिसतं," बाबा म्हणाले आणि अंगठा ओढला. टिंग! लोकांनी पुन्हा हात जोडले. दत्तोबांनीसुद्धा!

"सोनम, शेवटची ओळ वाच," मी म्हणालो.

तिनं मोठ्यानं वाचलं, "हा कारखाना मामानं काल खाटेवर बसून काढला. तो आधीच कुणाला दिसला, तर त्यानं सोनमचं टपाल चोरून वाचलंय."

बाबांचं दिव्य ज्ञान ईमेल न उघडता दिसणाऱ्या वरच्या ओळींपुरतंच होतं. सोनमनं तिथंच पासवर्ड बदलला. थोड्या वेळानं पाटाखाली काहीतरी वाजलं. दत्तोबांनी हात घालून एक फोन बाहेर काढला. 'सोनमच्या खात्याचा पासवर्ड चुकीचा', असं त्यावर आलं होतं. खाली इतर भक्तांची खाती ओळीनं मांडलेली होती. लोक वाकून आपापली नावं शोधू लागले.

मुक्ताबाईनं ताम्हनाशेजारचा आपला नारळ उचलला. "माझ्या पोरीची नोकरी तुमी पाटाखाली दाबून ठिवली व्हय?" तिनं फोनवरची हळद पदरानं पुसली.

आणि तरी एक बाई मला विचारते, "मग आता आमचं ईमेल कोण उतरवणार?" मला रडावं की ओरडावं कळेना. बाई, तुमचं टपाल तुम्हीच उतरवा! जमत नसेल तर जाणत्याला विचारा, त्यात कसली लाज? पण पासवर्ड कुणालाही देऊ नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पाट उचलून बघा.

गेलेली मुलाखत काही परत आली नाही. दुसरं बोलावणंही अजून आलेलं नाही. येईल तेव्हा मात्र ते पहिल्यांदा सोनमच्या हातात वाजेल.