क्लचला लावलेला कान

हे कोणी खरं मानणार नाही, आणि अकोल्यात तर मुळीच नाही. अकोल्याच्या माणसाला सावलीतले शेहेचाळीस डिग्री सोसतात, थाप सोसत नाही. तरीही बुधाजी मिस्त्रीचा उजवा कान इतका तिखट होता, की ट्रकच्या पंख्याच्या क्लचमधून मुंगीच्या जांभईएवढी हवा सुटली तरी तो ती कुठून सुटली ते सांगे, आणि मुंगी जेवून आली की उपाशी, तेही.

मोठ्या ट्रकच्या इंजिनापुढचा पंखा सदा फिरत नसतो. इंजिन तापलं की नळीतून आठ किलो दाबाची हवा क्लचमध्ये शिरते, आतला पिस्टन सरकतो, लायनर पंख्याला घट्ट धरतो आणि पंखा गरगरायला लागतो. इंजिन निवलं की हवा सुटते आणि पंखा मोकळा होतो. सगळा खेळ हवेचा, आणि ती अडवून धरणाऱ्या सुतळीएवढ्या रबरी सीलचा. सील जरा कुठं कापली गेली की हवा फुसफुसत निघून जाते, लायनर अर्धवट धरतो, घसरतो, जळतो. आणि पंखा लग्नातल्या म्हाताऱ्या मामासारखा नुसता हजर राहतो.

बाकीचे मिस्त्री सील बदलली की क्लचला हवा लावत आणि तो साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघत. बुधाजीनं बत्तीस वर्षांत बादलीला हात लावला नव्हता. तो क्लच मांडीवर घेई, लेकराच्या छातीला लावावा तसा कान लावी आणि बोट ठेवून सांगे, "इथून चालली." बादलीचं नाव काढलं की म्हणे, "फेस दाढीले लागते बाप्पा, क्लचले नाही."

एकदा मूर्तिजापूरकडचा एक ड्रायव्हर हवा गळते म्हणून आला. बुधाजीनं कान लावला आणि सांगितलं, हवा नाही, रातकिडा आहे, आणि एका पायानं लंगडा आहे. रेडिएटरची जाळी काढली तर लंगडत बाहेर आला. गॅरेजचे मालक केशवराव हे शपथेवर सांगत. केशवराव एकादशीला खोटं बोलत नसत. सांगायचे त्या दिवशी एकादशी असे की नाही, हे कोणी तपासलं नाही.

आता केशवराव नाहीत. एमआयडीसीच्या तोंडाशी असलेलं त्यांचं गॅरेज त्यांची मुलगी संध्या चालवते. अमरावतीहून डिप्लोमा करून आलेली, मोजकं बोलणारी. लहानपणी बुधाजीच्याच बाकड्याखाली ती नटबोल्टांचा संसार मांडून बसत असे.

आणि गेल्या दिवाळीपासून बुधाजीच्या हातून निघालेला एकही क्लच गळत नव्हता.

एकही नाही. पूर्वी दहातले तीन-चार तरी तो पुन्हा उघडायचा. सील आत सरकवताना सर्कलिपच्या, म्हणजे पिस्टन अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीच्या, खाचेची धार लागते आणि केसभर काप जातो. हात कितीही मुरलेला असो, हे होतंच. कान सांगायचा, तो शिव्या देत पुन्हा उघडायचा. दिवाळीनंतर कान काही सांगेना. पहिल्या महिन्यात बुधाजीला वाटलं, हात फारच बसला आपला. दुसऱ्या महिन्यात जरा भीती वाटली. मार्चमध्ये माणिकबाई म्हणाली, "कोकिळा लय ओरडून राहिली बावा यंदा, डोकं उठवलं." माणिकबाईची चहाची टपरी गॅरेजच्या कडुनिंबाखालीच होती. बुधाजीनं वर पाहिलं. फांदीवर कोकिळा बसलेली होती. चोच उघडत होती, मिटत होती.

माणसांचं बोलणं त्याला नीट ऐकू येई. ट्रकचा हॉर्न येई, डिझेलची घरघर येई. गेले होते ते बारीक आवाज. घरी बायको, सुंदराबाई, म्हणे, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, गॅस काहून बंद नाही केला. तो म्हणे, मी मोजून राहिलो होतो, तीनच झाल्या. सुंदराबाईला वाटे, म्हातारा कामाचा कंटाळा करतो. बुधाजीनं ते तसंच वाटू दिलं.

एप्रिलमध्ये त्यानं बांधलेले दोन क्लच जळून परत आले. पहिल्याच्या वेळी त्यानं सीलच्या किटला दोष दिला, दुसऱ्याच्या वेळी ड्रायव्हरला. मेमध्ये संध्या बाकड्यापाशी येऊन उभी राहिली.

"काका, ट्रान्सपोर्टवाल्या खुशालरावांचा फोन होता. बाराही गाड्यांले नवेच क्लच टाकतो म्हणतात. अमरावतीहून येते, दोन तासात बसते, गाडी रस्त्यावर."

"नवं तं नवरीबी असते. चार वर्षांनं पाह्य म्हणा."

संध्या हसली नाही. "मी त्याइले एक क्लच मागून घेतला. त्याइचा ड्रायव्हर श्याम आहे ना, त्याच्या गाडीचा. तुमी बांधा. भरली गाडी पातूरचा घाट चढून गेली, तं बाकीचे अकराही तुमच्याच बाकड्यावर येतीन. नाही गेली, तं आपण हे काम बंद करू. बाकडं काढून तिथं टायरची मशीन बसवायची आहे मले."

"अन् मी?"

"तुमी बसा ना घरी काका, आराम करा," संध्या म्हणाली. या वाक्याची तालीम तिनं केली असावी, कारण ते फार पटकन आलं. मग जाता जाता थांबून म्हणाली, "यावेळी बादलीत बुडवून पाहा. माह्यासाठी."

बुधाजीनं तीन दिवस तो क्लच बांधला. ज्याला दुपारभराचं काम म्हणतात त्याला तीन दिवस. जुना लायनर काढला, बेअरिंग काढली, पिस्टन ओढून बाहेर घेतला. जुन्या सील वाळलेल्या शेंगेच्या सालीसारख्या कडक झालेल्या. खाचेची धार बारीक पॉलिश पेपरनं घासून बोथट केली, नखानं चाचपली. सुती फडक्यानं आतलं भांडं असं पुसलं की त्यात वरण वाढावं. नवी सील ग्रीसच्या बोटानं माखून दोन अंगठ्यांनी, श्वास धरून आत सरकवली. पण शेवटचं सूतभर राहिलं असताना अंगठ्याला काहीतरी लागलं. किंवा लागलं नसेल. पूर्वी असल्या वेळी कान होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, संध्या बँकेत गेली असताना, त्यानं बादली भरली. साबण टाकला, हात घालून फेस काढला. क्लच उचलला. आणि टपरीवरून माणिकबाई म्हणाली, "काहो बुधाजीभाऊ, आज धुणं काढलं का?"

टपरीवर चार ड्रायव्हर बसलेले होते. एक म्हणाला, "उस्ताद अन् बादली? आता सूर्य पातुरातून उगवते मंग." दुसरा म्हणाला, "कानाले सुट्टी दिली असन."

बोलणं साधं होतं, रोजचंच. त्यात विष नव्हतं. पण बुधाजीला उमगलं, की क्लच या पाण्यात गेला की बुडबुडे येवोत न येवोत, कान गेला हे मात्र कायमचं ठरेल. आणि ते कडुनिंबाखाली, चार ड्रायव्हरांसमोर ठरेल. "निंबाले पाणी टाकून राहिलो," तो म्हणाला. "साबणाच्या पाण्यानं कीड जाते." आणि सगळी बादली त्यानं झाडाच्या बुडाशी ओतली.

मग क्लच मांडीवर घेऊन हवा लावली आणि कान टेकला. आत गच्च शांतता होती, गेल्या दिवाळीपासून असायची तशी. त्यानं क्लच श्यामच्या गाडीला स्वतः बसवला. संध्यानं विचारलं, बादलीत पाहिलं का? तो म्हणाला, पाहिलं.

श्यामची गाडी तूरडाळ भरून नांदेडकडं निघाली. बुधाजी दिवसभर बाकड्यावर काही न करता बसला. दुपारी तीनच्या सुमारास संध्याचा फोन वाजला, आणि ती बोलताना त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली, यावरून त्याला कळलं. पातूरच्या घाटात दुसऱ्याच वळणावर इंजिनाच्या तापाचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. बॉनेटमधून वाफ येत होती. श्याम सांगत होता, पंखा फिरत होता, पण पाती मोजता येत होती.

गाडी दुसऱ्या दिवशी दोराला बांधून आली. क्लच उघडला तेव्हा लायनरचा कोळसा झालेला होता आणि जळक्या वासानं टपरीवरची माणसंसुद्धा उठून आली. श्याम तापलेला होता, पण वयाकडं पाहून शब्द गिळत होता. "मिस्त्री, चार घंटे उन्हात उभा होतो मी. माकडं मले पाहून हसून राहिली होती."

"माही सील नाही गेली," बुधाजी म्हणाला. "तुह्या गाडीच्या नळीत हवा कमी येते. सील पाहा, जशीच्या तशी आहे." आणि संध्याकडं वळून, "पोरी, याच सीलवर नवा लायनर टाकतो. सगळ्यांसमोर हवा लावतो. धरली तं नळीचा दोष, माहा नाही. नाही धरली, तं माह्या हातानं बाकडं बाहेर काढून देतो."

संध्या म्हणाली, "काका, राहू द्या ना."

"नाही. आत्ता."

तासाभरात क्लच पुन्हा बांधून बाकड्यावर आला. ऐकायला शांतता हवी म्हणून संध्यानं कॉम्प्रेसर बंद करवला; टाकीत भरलेल्या हवेवर काम भागणार होतं. टिनाच्या शेडखाली श्याम, संध्या, दोन-तीन ड्रायव्हर उभे राहिले. माणिकबाई किटली घेऊन आली आणि दाराशीच थांबली. हायवेवरही त्या घडीला, कोण जाणे कशी, एक गाडी नव्हती.

बुधाजीनं नळी जोडली, चावी फिरवली. पिस्टन धप्पकन सरकला, लायनर बसला. त्यानं क्लच मांडीवर घेतला, कान टेकला, आणि डोळे मिटण्याऐवजी यावेळी उघडे ठेवले. कारण ऐकायचं होतं ते आता लोकांच्या तोंडांवर.

तोंडं काही सांगत नव्हती. श्याम चपलेनं माती उकरत होता. एक ड्रायव्हर वर टिनाकडं पाहत होता. संध्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

त्या गप्पपणात बुधाजीला बसवेना. कान क्लचला तसाच ठेवून तो बोलायला लागला.

"हे तुमाले खोटं वाटन. पण सत्त्याण्णव सालची गोष्ट आहे. मी इथंच, याच बाकड्यावर बसलो होतो. केशवराव समोर. मी म्हटलं, केशवराव, कुरणखेडच्या पुलावर एक गाडी चालली, तिच्या क्लचमंधून हवा सुटून राहिली. केशवराव म्हणे, बुध्या, कुरणखेड इथून पंचवीस किलोमीटर. मी म्हटलं, वारा तिकडून आहे ना. अर्ध्या तासात गाडी दारात. ड्रायव्हर उतरला, म्हणे हवा गळते. मी म्हटलं, मले नको सांगू, मी कवाचा आयकून राहिलो. खालच्या सीलले, डाव्या बाजूनं, गव्हाच्या दाण्याएवढा काप. उघडलं, तं काप. गव्हाचाच दाणा."

कोणी हसलं नाही. एरवी इथं हसत.

"अन् तो काप कशानं पडला म्हणसान," बुधाजी घाईनं पुढं गेला, "तं उंदरानं. उंदीर रिद्धपूरच्या मठातला होता. उपास होता त्याचा, म्हणून त्यानं रबर खाल्लं." त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. संध्याचे डोळे भरलेले होते, आणि ते कशानं, हे त्याला कळायला नको होतं. "कान असा असते, पोरी. तुह्या बापानं पाहिला आहे. आता हाच क्लच घ्या. आठ किलो हवा आहे यात. मी इतका वेळ आयकून राहिलो. गच्च आहे. सुताएवढा आवाज नाही. याच्याहून शांत तं मेलेला माणूस नसते. श्याम, तू ये, तू लाव कान. सांग बरं, आहे काही?"

श्याम जागचा हलला नाही. "नाही ना मिस्त्री," तो मातीकडं पाहत म्हणाला. "काही नाही."

"संध्या?"

"काही नाही काका."

"पाहा," बुधाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "पाहा, सगळेच म्हणतात. नळीचाच दोष. मी म्हटलं नव्हतं? उद्यापासून अकराही क्लच..."

माणिकबाईनं किटली खाली ठेवली. ती बाकड्याजवळ आली, पण बुधाजीकडं न पाहता पोरीकडं पाहत होती, आणि रागावली होती ती पोरीवरच.

"काहून खोटं बोलता गं तुमी सगळे म्हाताऱ्या माणसाशी? अन् भाऊ, तुमीबी. ते कवाचं फुसफुसून राहिलं. मले तिथं दारात आयकू येऊन राहिलं, किटली वाजून राहिली असं वाटलं मले, म्हणून झाकण पाहिलं मी. तुमाले आयकू येतच नाही, बुधाजीभाऊ."