फायविशच्या डाव्या हातातली कात्री

बोलतेय ती मी, फायविश शिंप्याची कात्री. खरं तर मला बोलायची सवय नाही. एकदाच बोलायला हवं होतं, तेव्हा गप्प राहिले. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आज सांगते. सगळं नीट आठवेल याची खात्री मात्र देत नाही.

माझा जन्म लिथुआनियातल्या मरियामपोल गावच्या लोहाराकडे झाला. फायविश डावखुरा. साध्या कात्रीत त्याचं कापड दुमडायचं, म्हणून त्याच्या बापाने मला उलट्या पात्यांची घडवून घेतली. लोहार कुरकुरला, "अरे, ही दुसऱ्या कुणाच्या कामाची राहणार नाही."

"शिंप्याची कात्री दुसऱ्याने कशाला घ्यायची?" बाप म्हणाला.

पुढे तिथे ज्यूंना जगणं कठीण झालं. फायविश, त्याची बायको मिंडेल आणि छोटी रायझल बोटीने इंग्लंडला आले. मी मिंडेलच्या पिसांच्या रजईत गुंडाळलेली होते. आम्ही लीड्स शहरात राहिलो, कारण मिंडेलचा चुलतभाऊ तिथे होता आणि शिंप्यांना तिथे काम होतं.

काम होतं, पण कसलं? मरियामपोलला फायविश माप घेण्यापासून शेवटच्या बटणापर्यंत कोट एकटा करायचा. इथे कापड कापूनच यायचं. कारखान्यात एक जण कॉलर लावी, एक जण इस्त्री फिरवी, बायका काजं करत. फायविशच्या वाट्याला बाह्या आल्या. अकरा वर्षं नुसत्या बाह्या! मी अस्तराच्या कडा छाटत बसे.

"चार बापांचं पोर आहे हा कोट," फायविश चिडून म्हणायचा. "कुणाच्या तोंडासारखं तोंड नाही."

"आणि मी काजं करते ती कोण रे, दाई?" काजं करणारी ब्रायना ओरडायची. सगळा कारखाना हसायचा.

मग रायझलचं लग्न ठरलं. नवरा मुलगा योएल, टोप्या शिवणारा. फायविशने जाहीर केलं, "जावयाचा कोट मी शिवणार. एकट्याने. माझ्या टाक्यात दुसऱ्याचा टाका पडणार नाही."

त्याने काळं लोकरी कापड टेबलावर पसरलं आणि मला हातात घेतलं. अकरा वर्षांनी मी सलग कापड कापत होते. पाती गात होती म्हटलं तरी चालेल. छाती आणि कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायचं बकरम त्याने कारखान्यातून मागून आणलं होतं, तिथलं सगळ्यात उंची. त्यात मी शिरले आणि माझा आवाज बदलला. लोकर कापताना मी कुजबुजते. यात मी करकरले.

ते लिनन होतं, जवसाच्या धाग्याचं. लोकर आणि लिनन एका वस्त्रात अंगावर घालायचं नाही, अशी आमच्या धर्माची आज्ञा आहे. कारखान्यातले कोट परक्या लोकांसाठी असत, त्यांत हे बकरम चालायचं. तेच हाताळून फायविशचा हात त्याला सरावला होता. चांगल्या कोटाला चांगलं बकरम, एवढंच त्याच्या डोक्यात. मला तेव्हाच कळलं होतं का? की सगळं घडून गेल्यावर आपल्याला कळलं होतं असं वाटू लागलं? अजून ठरवता येत नाही.

लग्न मंगळवारी होतं. रविवारी सकाळी कोट तयार होऊन खुंटीवर लटकला. योएल घालून बघायला आला होता. मिंडेल जमीन झाडत होती. बकरमाचा एक तुकडा उचलून तिने बोट जिभेला लावलं आणि त्यावर टेकवलं. लिननमध्ये पसरते तशी ओल क्षणात पसरली. तिच्या वडिलांचा जवसाचाच व्यापार होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे कोटात घातलंत?"

फायविशने तुकडा पाहिला आणि खुंटीवरचा कोट खाली घेतला.

"सासरेबुवा, राहू द्या," योएल म्हणाला. "कोट झकास बसतोय. कॉलरच्या आत कोण बघणार?"

"मी बघणार. तू मांडवाखाली उभा राहशील आणि मी सगळा वेळ तुझ्या मानेकडे बघत बसेन."

त्याने माझ्या टोकाने कॉलरचे टाके उसवायला सुरुवात केली. नव्याने सगळं करायला एकट्याला आठवडा लागला असता, आणि हातात दोन दिवस होते. जावई मांडवात जुन्या कोटात उभा राहणार, हे घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं.

मिंडेलने शाल घेतली आणि बाहेर गेली. ती परतली तेव्हा मागे कॉलरवाला झल्मन, इस्त्रीवाला गेत्सेल आणि ब्रायना होती. झल्मनने सुती बकरम आणलं होतं.

"काय बापा," गेत्सेल म्हणाला, "पोराला आणखी बाप चालतील ना?"

फायविश मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता नाही म्हणेल. मग त्याने कॉलर उचलून झल्मनच्या हातात दिली.

"हिला तू बघ. मला तुझ्याइतकी कधीच जमली नाही."

झल्मन लाजला. "हे अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचंस, गाढवा."

त्या दुपारी मिंडेलने हेरिंगचे खारे मासे आणि काळा पाव वाढला, आणि चौघं जण वाद घालत, एकमेकांना नावं ठेवत शिवत राहिले. इतकी मजा मी मरियामपोललाही पाहिली नव्हती.

मंगळवारी फायविशने मला खिशात घालून लग्नाला नेलं. का, कुणास ठाऊक. एका पाहुण्याने विचारलं, "कोट कुणी शिवला हो?" याच प्रश्नाची तो अकरा वर्षं वाट बघत होता.

"याला तीन बाप आणि एक आई आहे," फायविश म्हणाला. "कॉलर बघा, कॉलर! झल्मनची आहे."

त्याच्यानंतर मी तीन पिढ्या बटणांच्या डब्यात पडून होते. घरात डावखुरं कुणी जन्मलंच नाही. आता रायझलची पणती टोवा आहे. गेल्या हिवाळ्यात तिने सहज मला डाव्या हातात धरलं आणि चकित होऊन म्हणाली, "अगं आई, ही चालतेय!" आता मी तिच्या टेबलावर असते. माझं बरं चाललं आहे.

टोवा, एकच मागते. कापताना माझा आवाज बदलला, तर जरा थांब आणि हातातलं कापड बघ. मला याहून मोठ्याने बोलता येत नाही.