ममतेचं तोंड

नित्तूने पलेर्मोतल्या कितीतरी चर्चच्या भिंतींवर चुन्याचे देवदूत बसवलेत, पण मला घरात एक खुंटी नीट ठोकून मिळाली नाही. माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. जेवायला बसला तरी पावाच्या मऊ गराचे गाल, ओठ करत राहायचा.

गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. हे मलाच ठाऊक होतं. कोळ्यांच्या संघाला कळलं असतं, तर त्यांच्या प्रार्थनागृहाचं काम लगेच दुसऱ्याकडे गेलं असतं.

तिथल्या कोनाड्यातल्या ममतेच्या मूर्तीचा चेहरा राहिला होता. वरचा थर चुन्याचा आणि संगमरवराच्या पुडीचा. तो ओला असतानाच एका दमात ओढायचा, थांबलं की सांधा दिसतो. त्यात त्या दिवशी सिरोक्को सुटलेला. हा गरम वारा चुन्यातलं पाणी बघता बघता पितो.

नित्तूने थर लावला आणि संघाचे प्रमुख डॉन कालोजेरो दारात हजर.

"काय मास्त्रो, आज तोंड दिसणार ना?"

झालं, हात थरथरायला लागला. मी परांचीवर चढले आणि त्याचं कोपर माझ्या खांद्यावर घेतलं.

"बाईमाणूस वर कशाला?"

"परांची डळमळतेय, डॉन. तुम्ही येता धरायला?"

ते बाकावर जाऊन बसले.

"हलू नकोस गं," नित्तू पुटपुटला.

"मी कुठे हलतेय? तूच रुततोयस."

तेवढ्यात थापी उडाली. ममतेच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

नित्तू पांढराफटक पडला. "मोडतो. ओलं आहे अजून."

मोडायचं म्हणजे पुन्हा अख्खा चेहरा, हाच हात, आणि खाली डॉन. मी थापी घट्ट धरली.

"अरे, तीन पोरं लटकलीत तिला. एक चावतंय, एक झिंज्या ओढतंय. कुठल्या आईचं तोंड सरळ राहतं? माझं राहिलं होतं?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. चुन्याकडे पाहतो तसं, नीट. मग अंगठा ओला करून ममतेच्या गालावर एक खळी दाबली.

"मास्त्रो, ही हसतेय का?"

"हसणार होती, डॉन. पोरं हसू देतील तर ना!" नित्तू म्हणाला.

डॉन कालोजेरो मान वर करून बघत राहिले. "आमच्या घरात हेच चालतं," ते म्हणाले. "समोरच्या कोनाड्यातली धैर्याची मूर्तीही तुम्हीच करा."

ते गेले. नित्तूचं कोपर अजून माझ्या खांद्यावर थरथरत होतं. तो समोर बघत होता. तो कोनाडा ह्यापेक्षा चांगला हातभर उंचावर होता.

"निन्फा, पुरशील का गं तिथे?"

"पायाखाली काहीतरी घ्यावं लागेल," मी म्हटलं.