उजेडात बसलेले बत्तीस

रुचिका मॅडमनी तीच पेटी सकाळपासून चौथ्यांदा उघडली, तेव्हा प्रेमदासचं डोकं उठलं. सेलूजवळच्या त्या कॉलेजात बारा वर्षं तो उंदीर सांभाळत होता, पण पेटीवर एवढं चिडलेलं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

पेटीला दोन कप्पे, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदीर अंधारात शिरला की पायाला करंट. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात सोडायचं. करंट आठवला तर तो आत जात नाही. निम्म्यांना आठवण पक्की करणाऱ्या पेप्टाइडचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पण बत्तीसच्या बत्तीस उजेडातच बसून!

"काका, मिठाच्या पाण्यानं कोणाची आठवण वाढते का?"

"मले काय विचारता? मी का डॉक्टर हाओ?"

"सोमवारी सरांना हे दाखवलं तर माझा प्रबंध संपला. दोन वर्षं पाण्यात!"

मॅडमनी झाकण आपटलं. आतला उंदीर घाबरला नाही. काचेवर पाय टेकून प्रेमदासच्या खिशाकडे बघत राहिला. खिशात फुटाणे होते.

प्रेमदासचा हात खिशावर गेला.

बायको, अन्नपूर्णा, गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या सुमित्राबाईंनी भाकर आणून त्याच्या तोंडात घास कोंबला होता. तेव्हापासून मॅडम इंजेक्शन भरेपर्यंत तो करंट बसलेल्या उंदराला उजेडाच्या कप्प्यात टेकवायचा आणि एक फुटाणा द्यायचा.

सांगितलं तर ही खोली सुटणार. बाहेर जो तो म्हणे, विसरा आता तिला. इथं तेवढं कोणी म्हणत नव्हतं.

"मॅडम, ते फुटाण्याची वाट पाह्यतेत," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

"अहो काका! चारदा पेटी उघडली मी! सरांशी भांडले! तुम्हाला आता इथं ठेवतील का?"

"नाई ठेवत. माईत हाये."

"मग आधी का नाही बोललात?"

"आधी समजलंच नाई. आता तुमी पेटीले बुकलून राह्यल्या, म्हून ध्यानात आलं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग वही ओढली. "सगळं लिहावं लागेल. प्रत्येकाला किती दिले?"

"एकेक. सात नंबरले दोन."

"आता त्याला दोन कशाला?"

"पयला त्यानं तोंडात घेतलाच नाई."

मॅडमनी सातपुढे दोन लिहिलं.