सहदेवाची तोंडी परीक्षा

"आता माकाच कायतरी म्हटलंस मां?"

बांगड्यांना मीठ चोळता चोळता तुळसाने मान वर केली. खळ्यात, माडाच्या सावलीत, तिचा सहदेव हात पाठीमागे बांधून येरझारा घालत होता आणि तोंडाने असं काही पुटपुटत होता, की वाटेने जाणाऱ्याला वाटावं, पोराला बाहेरचं काही लागलं आहे.

"तुका न्हय गो आये. परीक्षेचां आसा तां."

"माझ्याकडे बघान म्हटलंस आणि माका न्हय?"

सहदेव थांबला. आईशी बोलायचं म्हटलं की त्याला आधी थांबावंच लागे. "माझां कुटुंब म्हणान इषय आसा. आवस, बापूस, घर, सगळ्यांबद्दल बोलूचां लागता."

"म्हणजे त्यात मीय आसंय?"

"आवस नसली तर कुटुंब कसलां?"

"मग काय म्हणतंस माझ्याबद्दल?"

"बरां-बरांच म्हणतंय. तू बांगड्यांकडे बघ, कावळो इलो." आणि तो पाठ फिरवून माडाकडे चालू लागला.

तुळसाने कावळ्याला हाकललं खरं, पण तिचं मन काही जागेवर आलं नाही. मिठबावच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईबद्दल मुंबईच्या विद्यापीठात बोलायचं तरी काय, आणि साहेबलोकांनी ते ऐकायचं तरी कशाला, हे तिला उमजेना. उमजेना म्हणूनच तिला ते हवं झालं.

सहदेव मुंबईला एका बोटकंपनीत कारकून होता. कंपनीचा माल पार दक्षिण अमेरिकेच्या बंदरांपर्यंत जायचा आणि तिकडची माणसं स्पॅनिश बोलायची. स्पॅनिशच्या दोन परीक्षा जो पास होईल त्याला परदेशी पत्रव्यवहाराचं टेबल, असं मोठ्या साहेबाने सांगून टाकलं होतं. सहदेव विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊ लागला. पहिली परीक्षा सहज पार पडली. दुसऱ्या परीक्षेचा लेखी पेपरही उत्तम गेला, आणि तोंडी परीक्षेत हा पठ्ठ्या परीक्षकांसमोर मिठाची गुळणी धरून उभा राहिला. नापास. जूनमध्ये एक संधी उरली होती. तीही गेली तर टेबल दुसऱ्याला.

त्याला शिकवणारा म्हातारा स्पॅनिश पाद्री मात्र मायाळू होता. "भिंतीशी बोलू नकोस," तो म्हणाला होता. "माणसाशी बोल. त्याला समजो न समजो, समोर माणूस हवा."

आता मुंबईत सहदेवाला माणूस कोण? बाप गेला तेव्हा तुळसाने त्याला परळला भावाकडे पाठवलं होतं. शिकेल, पोटाला लागेल म्हणून. तो शिकला आणि पोटालाही लागला. पण मामीच्या घरात कमी बोलणारं मूल सगळ्यांनाच सोयीचं असतं, ते मूल तसंच मोठं झालं. मे महिन्यात घरी येई, चार दिवस जेवण बरं झालं म्हणे आणि मग त्याचं बोलणं संपे. तुळसा मात्र वर्षभराच्या गजाली मनात साठवून ठेवी. त्या तशाच राहत आणि बोट मुंबईला निघून जाई.

गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा घरात ही भाषा आली. तेव्हा नवशिकाच होता तो. घर, पाणी, मांजर, दार असं बोट दाखवत नावं घेई. तुळसा हसून लोटपोट झाली होती. "तू दीड वर्साचो व्हतंस तेव्वा असोच बोलस," ती म्हणाली. त्या वयात तो तिच्याजवळ होता, म्हणून तिला ते फार आवडलं. यंदा मात्र भाषा वयात आली होती. लांबच लांब वाक्यं, मध्येच आवाज चढे, मध्येच पडे. रोज संध्याकाळी सहदेव तिला समोर बसवी. "तू काय बोलू नको आये, फक्त माझ्याकडे बघ," म्हणे, आणि सुरू होई: "मी माद्रे एस माएस्त्रा..."

तुळसा बघत बसे. तिच्याकडे बघून तिचा मुलगा इतका वेळ बोलत होता, हे तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. कळत नव्हतं, हे खरं. पण उपाशी माणूस पंगतीत बसल्यावर भाजी कशाची म्हणून विचारत नाही.

देवळातलं गाऱ्हाणं जिला एकदा ऐकून पाठ होई, तिला हे काय अवघड! आठवड्यात तिला सगळं तोंडपाठ झालं. एकदा सहदेव मध्येच अडकला. कपाळ चोळू लागला. तर ही मासे उलटत खालच्या मानेने म्हणाली, "बीबीमोस."

सहदेव तिच्याकडे बघतच राहिला आणि मग खो खो हसला. तुळसाही हसली. शेजारची यशोदा कुंपणाशी येऊन बघून गेली, की या घरात झालं तरी काय.

यशोदाच दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर म्हणाली, "तुळशे, तुझो झील पाखल्यांची भास बोलता मां? गोंयच्या हद्दीर पोलिस उभे आसत, पलीकडे पाखले बसले आसत. कोणी चुगली केल्यान तर तेका धरान न्हेतीत."

"धरूक काय चोर आसा तो? पाखल्यांची नसतली ती."

"तुका काय म्हायत? दत्तारामाक इचार. तो पणजेक ऱ्हवान इलोसा."

यशोदा भीती घालायला आली होती, पण तुळसाला तिच्या बोलण्यात वाट सापडली. दत्ताराम पणजीला एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरी आचारी होता. गोव्याची हद्द बंद झाली तेव्हा नोकरी सोडून गावी आला, आता एकटाच राहून माड राखत असे. पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, भाषा त्याला येत होती. त्याच संध्याकाळी तुळसाने त्याला पावसाळ्याची झापं विणायच्या निमित्ताने बोलावून घेतलं. सहदेवाला याचं काही नव्हतं. समोर आणखी एक माणूस, तेवढाच सराव.

दत्ताराम झावळीची पाती एकमेकांत ओवत ऐकत होता. भाषा त्याची नव्हती, पण नात्यातली होती. चुलत घरातलं बोलणं भिंतीपलीकडून यावं, तसं त्याला अर्धंमुर्धं कळत गेलं. मी माद्रे एस माएस्त्रा, माझी आई शिक्षिका आहे. ती खूप पुस्तकं वाचते. बीबीमोस एन ऊना कासा ग्रांदे, आम्ही मोठ्या घरात राहतो. संध्याकाळी आई मला गोष्टी वाचून दाखवते.

दत्तारामाचे हात थांबले. समोर तुळसा बसली होती. कोपरापर्यंत मीठ, केसांत माशाचं खवलं, आणि तोंडावर असा आनंद की बघवेना. त्याने मान खाली घातली आणि झाप पुरं करून चहा न घेताच तो गेला.

सकाळी तुळसा त्याच्या दारात हजर. "भावोजी, काय म्हणता तो?"

"ती पाखल्यांची भास न्हय. दुसरी आसा. भियान नको."

"तां सोडा. माझ्याबद्दल काय म्हणता?"

दत्तारामाने विडी पेटवायला वेळ लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढलेल्या माणसाला कुणापुढे काय ठेवायचं, हे कळत असावं. "म्हणता," तो म्हणाला, "माझी आवस मासळी इकता. फाटफटी उठान अनवाणी बाजारात जाता. तिची हाक अख्ख्या बाजारात ऐकाक येता. तिच्या जिवार मी मोठो झालंय, असां म्हणता."

तुळसा तिथेच पायरीवर बसली. पदर डोळ्यांना लावून थोडी रडली. "इद्यापीठात असां सांगता तो?"

"व्हय तर."

"आणि ते ऐकतत?"

"ऐकतत तर. तेच्यासाठीच तर परीक्षा."

दुसऱ्या दिवशी बाजारात तुळसाने अशी आरोळी दिली, की शेजारच्या बायका दचकल्या. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तरी ती हसून देऊन टाकत होती. मुंबईत मोठमोठ्या माणसांपुढे आपली पाटी मांडली गेली, याचं तिला कोण अप्रूप! मुलगा घुमा आहे, आपल्याशी बोलत नाही, हे तिचं जन्माचं दुखणं होतं. आता तिला वाटलं, बोलत होता की! आपल्याला ती भाषा येत नव्हती, एवढंच.

पावसाआधीची शेवटची बोट देवगडहून सुटायची होती. आदल्या संध्याकाळी सहदेवाची ट्रंक भरून झाली, तेव्हा तुळसा खळ्यात हात पुसत बसली आणि म्हणाली, "तां माझ्यावरचां एकदा म्हण बघूया."

"कालच म्हटलंय मां?"

"काल माका कळा नाय. आता कळता. दत्ताराम भावोजींनी सगळां सांगल्यानी."

सहदेव चपापला. "दत्ताकाकांका ही भास येता?"

"थोडी कळता तेंका." आणि तिने ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं. मासळी, अनवाणी पाय, बाजारातली हाक. सांगताना तिलाच थोडी लाज वाटत होती. "माझी हाक सुद्धा घातलंस रे तेच्यात!"

सहदेव तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मग तो बोलू लागला.

सुरुवात तीच होती. मी माद्रे. तुळसा मान डोलवायला लागली आणि थांबली. पुढचा शब्द आला तो वेगळाच. ती वाट बघत राहिली. कासा ग्रांदे येईल, बीबीमोस येईल; काहीच आलं नाही. रोज पाण्यासारखा वाहणारा मुलगा आज ठेचकाळत होता. शब्द शोधत होता, सापडला की दोनदा म्हणत होता. एका जागी तो अडला, त्याने नेहमीच्या सवयीने तिच्याकडे पाहिलं, पण तिला पुढचा शब्द देता येईना. हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

शेवटचं वाक्य त्याने बाहीने डोळे पुसत पुरं केलं.

तुळसा अडाणी होती, पण खुळी नव्हती. तिला कळलं. दत्तारामाने सांगितलेलं ते हे, आजचं. मग महिनाभर आपल्याकडे बघत हा सांगत होता ती बाई कोण होती? कुणाची तरी आई, दुसरीच, बरी. आपण तिच्या जागी मान डोलवत बसलो होतो. तिला ओरडून विचारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की पोर एवढं कष्टाने बोललं आहे, आता त्याला आणखी लाजवायचं नाही.

"बरां बोललंस," ती म्हणाली.

सहदेव तिच्यापासून जरा अंतरावर, जमिनीवरच बसला. "आये," तो खाली बघत म्हणाला, "पयल्या वर्साक शब्द कमी येतत माणसाक. पुस्तकात जे दिलेले आसतत, तेच म्हणूचे लागतत."

"व्हय बाबा. पयल्या वर्साक तसांच."

हे त्याचं दुसरं वर्ष होतं, त्याबद्दल दोघांपैकी कोणी बोललं नाही.

सकाळी देवगडच्या धक्क्यावर गर्दी होती. पडावात बसण्याआधी सहदेव पाया पडला. परीक्षेत खंयचां म्हणतलंस? हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. "कोकमाची सोलां घेतलंस मां?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. पडाव बोटीकडे गेला.

परतल्यावर तिने निवडक बांगडे घेतले आणि दत्तारामाच्या ओटीवर ठेवले. "भावोजी, तुमका ती भास बरी येता."

दत्तारामाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान वळवली. "नाय गो. खंय येता? आचारी माणूस मी."

श्रावणात परळहून आलेल्या, गावच्याच गुरुदासने बातमी आणली. सहदेव पास झाला, टेबल मिळालं. तोंडी परीक्षेत तर सगळ्यांत चांगला बोलला म्हणे. तुळसाने गुरुदासच्या हातावर साखर ठेवली. काय बोलला, ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

नव्या टेबलावर काम फार, म्हणून पुढच्या मे महिन्यात सहदेवाला रजा मिळाली नाही. तुळसा एकटीच खळ्यात बांगड्यांना मीठ चोळत बसली. संध्याकाळ झाली तशी तिला करमेना. ते शेवटच्या दिवशीचं एकदा म्हणावं, असं तिच्या मनाने घेतलं. आपलं होतं ते, आपल्या मासळीचं.

"मी माद्रे," ती म्हणाली, आणि पुढे जीभ आपसूक जुन्या वाटेला लागली. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. खरं होतं ते एकदाच ऐकलेलं. तेही अडखळत, रडवेल्या आवाजात. त्यातला एक शब्द तिच्याजवळ राहिला नव्हता. दुसरं मात्र सगळंच्या सगळं होतं.

तिने मग जिभेला आवरायचं सोडलं. एस माएस्त्रा. बीबीमोस एन ऊना कासा ग्रांदे. सहदेव जिथे आवाज चढवी तिथे तिने चढवला, तो जिथे श्वास घेई तिथे घेतला. कोण बाई होती, कुणास ठाऊक. पण बोलणं तिच्या मुलाचं होतं, आणि त्याचं दुसरं बोलणं तिच्यापाशी नव्हतं. शेवटपर्यंत म्हणून झालं, तेव्हा टोपलीत अर्धे बांगडे उरले होते. तिने मुठीत मीठ घेतलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.