खाचांचं माप

बाबा गाडीतून उतरेनात. मी दार उघडून उभी, आणि ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले.

"अजून घर कुठे आलंय?"

"अहो बाबा, हे काय आपलं अंगण! ही काय पायरी!"

"मला शेंडी लावू नकोस."

बाबांना आता फारसं दिसत नाही, आठवणीही विरत चालल्यात. पण ही गाडी नवी होती तेव्हा हौसेच्या भरात त्यांनी ती अंगणातल्या ओल्या सिमेंटवरच घातली होती. आईने बोलून बोलून त्यांना नकोसं केलं. दोन खाचा कायमच्या राहिल्या. तेव्हापासून चाकं खाचांत उतरली की गाडी हलकेच बसायची. बाबांसाठी ते घर. आणि मी दीडशहाणी! चाकं गंजली म्हणून दुसरी आणली. ती गाडीखाली जास्तच आत बसली. वळताना टायर घासायचा आणि अंगणात गाडी खाचांच्या आतल्या काठावर चढायची.

आमच्या फिटरला सगळे डुलकी म्हणतात. काम करतानाही तो अर्धा झोपेत असतो, पण त्याच्या हातचा बोल्ट कधी सैल निघालेला नाही. त्याने फळीवर स्पेसर मांडले. चाक बाहेर सरकवायला त्याच्या मागे बसवतात त्या धातूच्या चकत्या. पातळ, मधल्या, जाड.

"जाड घ्या ताई. गाडी कशी ऐटीत उभी राहील!"

मीही भाळले. संध्याकाळी बाबांना फिरवून आणलं, तर गाडी आता खाचांच्या बाहेरच्या काठावर चढली. बाबा हळूच म्हणाले, "बाळ, आपण हरवलोय का गं?"

दुसऱ्या दिवशी डुलकीला अंगणात आणूनच उभा केला. "ऐट गेली खड्ड्यात. हे बघ आधी."

तो उकिडवा बसला. खाचेवरून तळवा फिरवत राहिला. ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि डुलकीचे डोळे अर्धे मिटलेले.

"झोपलास की काय रे?"

"नाही ताई. गाडी कुठे उभी राहायची ते बघतोय."

मग त्याने टेप लावून माप घेतलं, जाड चकत्या उतरवल्या आणि मधल्या घेतल्या. चाकं ज्यावर बसतात ते हब घासून लख्ख केले, चकत्या घट्ट बसल्यात ना ते हलवून पाहिलं, लांब बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले. "थोडी चालवून परत आवळायला आणा."

त्या संध्याकाळी मी गाडी सावकाश चालवली. खिडक्यांवरचा उजेड बाबांच्या चेहऱ्यावरून वाहत होता, सगळा रस्ताच झोपेत चालल्यासारखा. टायर कुठेच घासला नाही. फाटकाशी मी श्वास रोखला.

गाडी हलकेच बसली.

"पोचलो," बाबा म्हणाले. दार त्यांनीच उघडलं आणि भिंत चाचपत आत गेले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसले. तेवढ्यात दारातला दिवा लागला. त्यांना स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता.

"ये गं," आतून हाक आली, "अंधारात ठेचकाळशील."