वायरलेसवाल्याची जागा

ताईच्या जीपमधली ड्रायव्हरशेजारची सीट माझ्या हातून कायमची गेली. चार बोल्ट आणि एक ड्रिल वापरून मीच ती घालवली. पण असं काही झालेलंच नाही असं धरून आपण शनिवार सकाळपासून सुरुवात करू.

सहा वर्षं ताई दगडधोंड्यांतून, नदीपात्रातून जीप चालवत होती आणि मी शेजारी बसून "डावीकडे घे, अजून डावीकडे, मेलो" असं मार्गदर्शन करत होतो. मग तिचं लग्न झालं. दाजी एकदा सहज त्या सीटवर बसून बघतो म्हणाले. तेव्हापासून एक रविवार त्यांचा, एक माझा. सख्ख्या भावाला पाळी लावून दिली.

आता तिच्या जीपवाल्यांच्या ग्रुपने नियम काढला की गाडीत वायरलेस नसेल तर फेरीला यायचं नाही, कारण तिकडे मोबाईलला रेंज नसते. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान माझं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मदतीला दाजीही आले.

दाजी दातांचे डॉक्टर आहेत. मी डॅशबोर्डखाली शिरलो की ते बरोबर हव्या त्या स्क्रूवर टॉर्च धरायचे. मी मागायच्या आत पक्कड हातात. अँटेना पत्र्याला नीट टेकावी म्हणून खालचा रंग खरवडायला दिला, तर त्यांनी दाढ साफ करावी तसा तो गोल खरवडला.

"बघ ठिणग्या, कसं काम आहे," ताई मला म्हणाली.

सहा वर्षांत तिने माझं असं कौतुक एकदाही केलं नव्हतं. तिच्या जीपला आग लागता लागता मी वाचवली, तेव्हाही नाही. अर्थात तो शॉर्ट सर्किटही माझाच होता.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. दाजींना वायरलेसवर बोलायची भारी हौस. "ओव्हर" म्हणायचा सराव ते पेशंटवर करत होते. सेट मागे बसवला, तर बोलणारा मागे बसणार. पुढची सीट पुन्हा माझी, दर रविवारी.

"सेट मागेच हवा," मी म्हणालो. "इंजिनपासून लांब. नाहीतर आवाजात घरघर येते."

"तू म्हणशील तसं," दाजी म्हणाले. या माणसाशी भांडताही येत नाही.

मी सेट मागच्या सीटसमोर पक्का केला, मागच्या सीटखालच्या बॅटरीपासूनची वायर अगदी मापात कापली आणि मायकचा हूक असा लावला की पुढून कुणाचा हात पोहोचू नये. वर ठणकावून सांगितलं, "वायरला जोड द्यायचा नाही हं. जोड दिला की गरम होते, पेट घेते."

चाचणीला दाजी मागे बसले. मी पुढे. ती चार मिनिटं मी राजासारखा बसलो होतो.

दाजी मायकमध्ये इतकं हळू बोलले की ग्रुपच्या कंट्रोलवरच्या माणसाने तीनदा विचारलं, "कोण आहे? तब्येत बरी आहे ना?"

ताईने आरशातून नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याचा आवाज तिकडे ऐकूच येत नाही. तू मागे जा. तू कुजबुजलास तरी शेजारचे खिडक्या लावतात."

"मग सेट पुढे घेऊ की. वायर वाढवतो."

"पेट घेते म्हणालास ना?"

दाजी पुढे येऊन बसले. बसता बसता त्यांनी माझी सीट दोन बोटं मागे सरकवली.

रविवारी नदी पार करताना मी मायक उचलला. "कंट्रोल, मागच्या सीटवरून विनंती अर्ज. अर्जदार वाहनमालकिणीचा सख्खा लहान भाऊ असून त्यास सहा वर्षांचा अनुभव आहे. तरी दाजींची बदली अन्य वाहनात करून पुढील सीट अर्जदारास कायमस्वरूपी देण्यात यावी, आणि ती दोन बोटं पुढे सरकवून मिळावी. ओव्हर."